परत जाणार याचा पुरावा

“म्हंजे मी परत येणार न्हाई असं वाटतंय व्हय त्यांला?” आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली. फोन नेहमीप्रमाणे छताकडे तोंड करून धरलेला. त्यामुळे मला फक्त पंखा आणि तिचं अर्धं कपाळ दिसत होतं.

“वाटत नाही गं. पण आपण दाखवायचं असतं.”

“काय दाखवायचं?”

“की तुझं तिथं काहीतरी आहे, ज्याच्यासाठी तू परत जाशील.”

पंखा थोडा वेळ फिरत राहिला. मग ती म्हणाली, “म्हस हाय की.”

ही नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. मी जर्मनीत कार्ल्सरूहला राहते. फ्रान्सची हद्द इथून जवळ आहे. मला सहावा महिना सुरू होता, तारीख मार्चच्या मध्याची होती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मी तासगावला जाऊ शकत नव्हते, म्हणून माहेरानंच इकडे यायचं असं ठरलं. माहेर म्हणजे आई. आबा २०१६ ला गेले. भावाची द्राक्षबाग आहे, आणि फेब्रुवारीत बागायतदाराला घर सोडायला सांगणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको.

शेंगेन व्हिसाची यादी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कागदावर ती सोपी दिसते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. प्रवासी विमा किमान ३०,००० युरोंचा. (जुनी दुखणी त्यात बहुतेक वेळा धरलेली नसतात. म्हणजे आईची बीपीची गोळी तिच्या पिशवीतून आणि आमच्या खिशातून.) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलं तर उशीर झाला. फी ९० युरो, जून २०२४ पर्यंत ती ८० होती. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, आणि हे आपल्याला मान्य आहे असं अर्जावर सहीनिशी लिहून द्यायचं.

माझ्या बाजूचं एक काम होतं. फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. हा एकच शब्द आहे, आणि तो म्हणायला शिकले तेव्हा आपल्याला जर्मन येतं असं मला पहिल्यांदा वाटलं. आपल्या भाषेत हमीपत्र. इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगाराच्या तीन स्लिपा आणि घराचा करार घेऊन जायचं, २९ युरो भरायचे आणि अधिकाऱ्यासमोर सही करायची. आईचं राहणं, खाणं, दवाखाना, सगळा खर्च माझा. वेळ पडली तर तिला देशाबाहेर काढण्याचा खर्चही माझाच. हे शेवटचं वाक्य वाचताना मी पोटावर हात ठेवून बसले होते. समोरच्या बाईंनी ते पाहिलं, पण त्यांचं काम कागद पुढे सरकवणं हे होतं, आणि ते त्यांनी नीट केलं.

खर्चाचा प्रश्न त्या सहीनं सुटला. परत जाण्याचा सुटला नाही.

व्हिसा नाकारला तर एक छापील फॉर्म हातात येतो. त्यात कारणांच्या चौकटी असतात, लागू असेल तिथे खूण. त्यातल्या एका चौकटीचा अर्थ असा: व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही निघून जाल याबद्दल आम्हाला रास्त शंका आहे. म्हणून अर्ज करणाऱ्यानं आपली मुळं दाखवायची. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, धंदा असेल तर नोंदणी, जमीनजुमला असेल तर उतारे, शिवाय आयकराची विवरणपत्रं आणि बँकेची स्टेटमेंटं. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचं पेन्शन होतं, त्यांचं सगळं दोन दिवसांत जमलं होतं.

आम्ही आईची फाइल करायला बसलो. भाऊ तिकडे, मी इकडे.

घर भावाच्या नावावर. आबांच्या हयातीतच झालं होतं, कर्जासाठी. दोन एकर बाग आबांच्या नावावर. आबा जाऊन आठ वर्षं झाली तरी वारस नोंद कुणी केली नव्हती. “आपलंच हाय की, कोण खातंय,” हे भावाचं उत्तर. डेअरीचं कार्ड अजून आबांच्याच नावावर, म्हणजे ज्या म्हशीसाठी आई परत जाणार होती तिच्या दुधाचं बिलही तिचं नव्हतं. आयकराचा प्रश्नच नाही. पतसंस्थेत एक खातं होतं, त्यात एक्केचाळीस हजार रुपये, पासबुक पेनानं भरलेलं. त्यात आपण लाखभर टाकूया असं भाऊ म्हणाला. मी नको म्हणाले. अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली रक्कम तपासणाऱ्याच्या डोळ्यांत सगळ्यात आधी भरते.

“माहेरची जमीन?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

माहेरच्या जमिनीवर आईनं २००७ मध्ये हक्कसोड केलं. मामा गाडी घेऊन आले होते, तालुक्याला जाऊन दोघी बहिणींनी सह्या केल्या. घरी येऊन पुरणपोळीचं जेवण झालं, एकेक साडी मिळाली. दोनच वर्षांपूर्वी कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला होता, त्यामुळे त्या काळात अशा सह्यांची गावोगाव घाईच होती. मी तेव्हा शाळेत होते. मला त्या साडीचा रंग आठवतो, मोरपंखी. आई ती अजून लग्नकार्यात नेसते आणि “दादानं घेतलेली” असं सांगते. मला त्याचा राग येतो. तिला कधी आलेला मी पाहिला नाही.

तर आईचं आयुष्य कागदावर मांडलं तर हे एवढं होतं: आधार, पॅन, रेशन कार्डावर एक नाव, आणि एक्केचाळीस हजार. बासष्ट वर्षं एकाच तालुक्यात काढलेली बाई, पण त्या तालुक्याशी तिचा संबंध आहे हे दाखवणारा कागद तालुक्यात कुठेच नव्हता.

अर्जातही गमती होत्या. दुसऱ्याच रकान्यात जन्माच्या वेळचं आडनाव विचारतात. आईला ते सांगताना क्षणभर थांबावं लागलं. आडनाव तर बदललंच होतं, लग्नात तिचं पाळण्यातलं नावही बदललं होतं, आणि ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. जन्मतारीख १ जून. ती शाळेतल्या गुरुजींनी घातलेली. आमच्या भागात त्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली आहेत. खरा जन्म दिवाळीच्या आसपासचा, “सुगी चालू हुती” एवढीच नोंद. व्यवसायापुढे मी ‘गृहिणी’ लिहिलं. ती पहाटे साडेचारला उठते, धार काढते, बागेत डबे नेते, हंगामात शेडवर बेदाणा निवडायला जाते. मी ‘गृहिणी’ लिहिलं, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर त्याचा कागद मागितला असता.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

आईनं परत जाऊ नये असं मला वाटत होतं.

म्हणजे कायदा मोडून राहावं असं नव्हे. पण रात्री झोप लागत नसे तेव्हा मी फोनवर नियम वाचत बसे. जर्मनीत १ मार्च २०२४ पासून एक सवलत आली आहे. त्या तारखेनंतर पहिल्यांदा कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना कायमचं बोलावता येतं. विमा वगैरेच्या अटी आहेत, पण दार आहे. माझा पहिला परवाना २०१८ चा. लवकर आले म्हणून दार बंद. मी तो नियम इतक्या वेळा वाचला की जणू एखाद्या रात्री त्यातली तारीख बदललेली सापडेल. शेंगेनच्या पाहुण्याला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. मग नव्वद राहा, नव्वद जा, पुन्हा नव्वद या, असा हिशेबही मी एका कागदावर मांडला होता. आई गावात एकटीच असते, तिचं तिकडे अडतंय काय, भावाच्या संसारात ती राबतेच नुसती, असं मी स्वतःला पटवत होते.

आणि दिवसा मी तीच बाई, वकिलातीला इंग्रजीत लिहीत होते की माझ्या आईला इथे राहण्यात काडीचा रस नाही.

ज्याला तिच्या हेतूबद्दल शंका होती तो अधिकारी मला कधी भेटला नाही, पण शंका घेण्याजोगं माणूस फाइलमध्ये होतं. फक्त ते अर्जदार नव्हतं.

अर्जासोबत एक पत्र जोडायचं असतं, का जाताय आणि का परत याल. मी मसुदा केला होता, सगळे करतात तसा: “माझं कुटुंब, शेती व सामाजिक बांधिलकी.” आईला वाचून दाखवला. तिला तो आवडला नाही. “हे कुणाचं बी हुईल,” म्हणाली. “मी सांगती तसं लिही.”

मग तिनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. सगळं आठवत नाही, पण मजकूर साधारण असा: माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. तिथं तिला न्हाऊ घालायला कुणी नाही, म्हणून मी येते. बाळाला दोन महिने झाले की मी मोकळी. मी गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. चौदा बायका आहेत. बँकेतलं खातं अध्यक्ष आणि माझ्या सहीनं चालतं. पाच जणींची कर्जं चालू आहेत, जूनमध्ये पेरणी आणि शाळांच्या फिया एकदम येतात तेव्हा नवीन कर्जं द्यायची असतात, त्याला माझी सही लागते. मी नसेन तेवढ्या दिवसांची कामं आधीच उरकून घेतली आहेत. जूनच्या आत मला यावंच लागतं.

मी लिहायची थांबले. “तू सचिव आहेस?”

“सात वर्सं झाली.”

बचत गटात जाते, एवढंच मला माहीत होतं. मंगळवारी फोन केला की ती “मीटिंगला हाय” म्हणायची, आणि मी ते हळदीकुंकवाच्या रांगेत बसवून टाकलं होतं.

“मग हे आधी का नाही सांगितलंस? आपण जमीन शोधत बसलो.”

“तू जमीनच इचारत हुतीस,” ती म्हणाली. आणि मग, मी काही विचारलं नसताना: “हे बघ, तितं मी तुजी आय. चांगलंय. पर हितं बँकेत गेलं की सायब खुर्ची देतोय बसायला. मला तीन म्हयन्याच्या वर न्हाई जमणार.”

तिला माझ्या त्या हिशेबाच्या कागदाबद्दल काही माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

बँकेनं लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र दिलं, गटाच्या खात्यावर सही करणाऱ्यांमध्ये यांचा समावेश आहे असं. गटाच्या रजिस्टरची पानं झेरॉक्स करून जोडली, आईच्या अक्षरातली, हप्त्यांच्या तारखांसकट. सोबत मी इंग्रजी भाषांतर केलं. जानकी-सावित्री अशा नावांपुढे ‘शेळी’, ‘शिलाई मशीन’, ‘मुलाची फी’ अशी कारणं लिहिली होती. आयुष्यात मी पुष्कळ भाषांतरं केली आहेत. एवढं जपून एकही केलं नाही.

डिसेंबरात भाऊ तिला पुण्याला अर्ज केंद्रात घेऊन गेला. इथे एक गोष्ट माहीत असावी: अर्ज घेणारं केंद्र वेगळं असतं, निर्णय वकिलातीत होतो, आमच्यासाठी मुंबईत. केंद्रातल्या माणसांशी कितीही गोड बोललात तरी निकाल बदलत नाही, आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या म्हणून बिघडतही नाही. दहा बोटांचे ठसे घेतात. आईचे उमटेनात. आयुष्यभराचं शेण, राख, छाटणीच्या कात्र्या. “रेशनच्या मशीनीला बी असंच करतंय,” तिनं तिथल्या मुलीला समजावलं. मुलीनं ओला टिश्यू दिला, बोटं पुसून, दाबून पुन्हा घेतले, तिसऱ्या खेपेला जमलं. ते ठसे पुढची जवळपास पाच वर्षं युरोपच्या यंत्रणेत राहतात.

सतरा दिवसांनी पासपोर्ट आला. भावानं व्हिसाच्या पानाचा फोटो पाठवला आणि मी आधी तारखांकडे पाहिलं. तुम्हीही पाहा, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. कधीपासून कधीपर्यंत हा एक आकडा, आणि त्यात प्रत्यक्ष किती दिवस राहायचं हा दुसरा. पहिला जास्त मोठा असतो आणि लोक त्यालाच मुदत समजून फसतात. आईचे दिवस नव्वद होते. उतरल्याचा दिवसही धरायचा, निघायचा दिवसही धरायचा.

२० फेब्रुवारी २०२५ ला ती फ्रँकफर्टला उतरली. व्हिसा हातात असला तरी सीमेवरचा अधिकारी पुन्हा सगळं विचारू शकतो, म्हणून सगळे कागद तिच्याजवळ हातातल्या पिशवीत ठेवले होते, निळ्या फाइलमध्ये. मी बाहेर लोखंडी कठड्याला टेकून उभी. आत काय झालं ते तिनं मला नंतर साभिनय दाखवलं. त्यानं काहीतरी विचारलं. तिनं पुतण्यानं शिकवलेलं सांगितलं: “डॉटर. बेबी.” त्याला कळलं नाही असं वाटून हातानं पोट काढून दाखवलं. मग फाइल उघडून आधी परतीचं तिकीट ठेवलं, त्यावर हमीपत्र, त्यावर बँकेचं पत्र. त्यानं तिकीट पाहिलं, शिक्का मारला. बँकेचं पत्र वाचलंच नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं होतं.

त्या तीन महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. मुलगी झाली. आईनं तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं तेव्हा आमच्या मिडवाइफनं आधी घाबरून आणि मग वही काढून पाहिलं. डिंकाचे लाडू संपले, पुन्हा झाले. आईनं स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलं होतं आणि रोज रात्री एका तारखेवर बारीक टिंब द्यायची. तो दुधाचा हिशेब असेल असं मला आधी वाटलं.

एप्रिलमध्ये आम्ही स्ट्रासबुर्गला गेलो. जर्मनीतल्या केल गावातून ट्राम ऱ्हाइन नदी ओलांडते आणि पलीकडे फ्रान्स. शेंगेन हे नाव मुळात लक्झेम्बर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या एका खेड्याचं. १४ जून १९८५ ला पाच देशांनी तिथे, नदीतल्या एका बोटीवर, आपसातल्या सीमांवरची तपासणी कमी करत न्यायच्या करारावर सह्या केल्या. आता त्यात एकोणतीस देश आहेत. आई पुलावर मांडीवर निळी फाइल धरून ताठ बसली होती.

“कुठं आलं फ्रान्स?”

“आलं की. आपण फ्रान्समध्येच आहोत.”

“कुणी इचारलं न्हाई?”

“नाही विचारत.” (हल्ली जर्मनीनं पुन्हा काही तपासण्या सुरू केल्या आहेत. त्या दिवशी आम्हाला कुणी हटकलं नाही.)

तिनं फाइल पिशवीत घातली. परतताना पुन्हा काढली.

मे महिन्यात मी एकदा म्हणून पाहिलं, की डॉक्टरांचं पत्र जोडून मुदत वाढवता येते का विचारूया. ती भाजी निवडत होती. “कशापायी?” म्हणाली. “पोरगी छान हाय. तू छान हायस.” मग भिंतीकडे हनुवटी करून: “अठ्ठ्याऐंशी हुत्यात बग त्या दिवशी. दोन शिल्लक ठिवल्यात.”

१८ मेला ती गेली. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी. जाताना फाइल घेऊन गेली, कालनिर्णय ठेवून.

वारस नोंदीचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. भावानं तलाठी कार्यालयात अर्ज केला होता, फेरफाराची नोटीस लागली, हरकतीची मुदत गेली, आणि नोंद मंजूर झाली जानेवारीत, व्हिसा आल्यावर. त्यामुळे फाइलमध्ये तो सातबारा कधी लागलाच नाही. पण आता त्यावर तिघांची नावं आहेत, पहिलं आईचं. मी तिला विचारलं, कसं वाटतंय. ती म्हणाली, “आता सोसायटीची नोटीस माज्या नावानं येणार.”

सध्या मी दुसरा फॉर्म भरते आहे. आमची मुलगी इथे जन्मली. माझा इथला कायमचा परवाना आणि पाच वर्षांहून जास्तीचा रहिवास यामुळे तिला जन्मतःच जर्मन नागरिकत्व मिळालं. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. म्हणजे तिला तासगावला जायचं तर भारताचा व्हिसा काढावा लागतो. फोटो चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, डोळे उघडे. चादरीवर ठेवून बावीस फोटो काढले, एकातही ती समोर बघत नाही. अंगावरची ओळखीची खूण विचारली आहे: डाव्या घोट्यावर तीळ. आजी-आजोबा कधी पाकिस्तानचे नागरिक होते का: नाही. मग भारतातली संदर्भ व्यक्ती, नाव, पत्ता, फोन.

मी आईला फोन लावला. पुन्हा पंखा.

“तुझं नाव देतेय गं. संदर्भ म्हणून.”

“दे की.” मग थोड्या वेळानं: “परत जाणार न्हवं ती? का मला लिहून द्याय लागंल?”